काय दिखस तुले?

माझ्या मुलीच्या बारशाला शेजारच्या नानांनी मोठ्या हौसेनं फोटो काढला. त्यात मुलगी नाही, आम्ही दोघं नाही, पाळणाही नाही. पाळण्याखालच्या फरशीवर सांडलेल्या घुगऱ्यांच्या पाण्याचा ओघळ आहे. तो मोठा करून, फ्रेम घालून त्यांनी आहेर केला आणि वर विचारलं, "काय दिखस तुले?"

"पाणी," मी म्हणालो.

"काय शे ते नको सांगू. काय दिखस ते सांग!"

मेहरूणमध्ये नानांचा चाळीस वर्षं स्टुडिओ होता. अर्ध्या जळगावची लग्नं आणि पासपोर्टचे चेहरे त्यांनी काढले. मग मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला, त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, गेल्या आणि नाना डागांच्या मागे लागले. रिक्षाच्या सीटची भेग, केळीच्या पानाचा करपलेला काठ, गंजका पत्रा. माणूस समोर आला की कॅमेरा खाली. याला अमूर्त छायाचित्रण म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. आमच्या गल्लीत त्याला डोकं फिरणं म्हणतात.

"चेहरा दिखना का मानूस दखनं बंद करस," नाना म्हणायचे. "नाव कळनं, संपनं!"

त्यांचा सगळ्यांत लाडका फोटो एका तपकिरी डागाचा. तोच डाग निरनिराळ्या उजेडात, पन्नासेक वेळा काढलेला. ओट्यावर बसवून ते आम्हाला दाखवायचे. मला त्यात भरताचं वांगं दिसायचं, आमच्या हिला म्हैस. नाना प्रत्येक उत्तरावर "हां, आखो?" म्हणायचे. आणखी काय, आणखी काय! मी कंटाळून चहा संपवायचो.

यंदा दिवाळीआधी त्यांचं घर रंगवायचं मी मनावर घेतलं. दुसऱ्यांची घरं सुधारायची मला भारी हौस. रंगारीही मीच आणला. त्यानं आतल्या खोलीची भिंत खरवडायला घेतली मात्र, नाना धावत आले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"बठ्ठं, सगळं घर रंगाड. आठे हात लावू नको!"

त्यांच्या कमरेशी, भिंतीवर, माझं वांगं होतं.

"तुन्ही अक्का आठेच डोकं टेकीसन दाय-तांदूय निवडे," नाना म्हणाले. "रोज तेल चोपडेल डोकं. बठ्ठं गाव काढं मी, भाऊ. हिना फोटो एक बी नही. घरनीच शे, काढसूत कव्हय बी, आसं करता करता..."

खरंच, अख्ख्या घरात अक्कांचा हार घातलेला फोटो नव्हता. इतकी वर्षं शेजारी राहून मला ते दिसलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

रंगाऱ्यानं डाग सोडून भिंत रंगवली. नानांनी स्टुडिओतली एक रिकामी फ्रेम त्याभोवती ठोकली. पाडव्याला फराळ घेऊन गेलो, तर फ्रेमला झेंडूचा हार होता.

"काय दिखस तुले?" नानांनी सवयीनं विचारलं.

"अक्का," मी म्हणालो.

नाना "आखो?" म्हणाले नाहीत. त्यांनी फराळाचं ताट माझ्या हातातून घेतलं आणि फ्रेमच्या शेजारी, भिंतीला डोकं टेकून खाली बसले.