साडूभाऊंचे बिनशेवटाचे पिच्चर

आमचे साडू रंगराव यांनी आजवर एकही पिच्चर शेवटपर्यंत पाहिलेला नाही. आणि हा माणूस नटांच्या मुलाखती घेतो.

मागच्या दिवाळीत आम्ही सगळे सांगलीला पिच्चरला गेलो होतो. थंडगार हवा, ढकलली की मागे जाणारी खुर्ची, गुडघ्यावर मक्याच्या लाह्यांचं पिंप. नायकानं खलनायकाची कॉलर धरली आणि रंगराव उठले. अंधारात पायानं चपला चाचपत म्हणाले, "चला, गाडी चुकंल."

गाडी खाली उभी होती. चावी त्यांच्याच खिशात होती.

"आवं दाजी, बसा की!" माझी बायको मंगल म्हणाली. दाजी कसले बसतायत! अख्ख्या रांगेचे पाय तुडवत ते बाहेर. मागोमाग मीही, कारण कराडला परत न्यायला दुसरं कोणी नव्हतं. त्या खलनायकाचं पुढे काय झालं, मला अजून माहीत नाही.

ह्या खोडीचं मूळ त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वर्षात आहे. रंगरावांचं गाव कडेगावच्या बाजूला, फाट्यावर उतरून आत चालत जायचं. साखर कारखान्यात नवी नोकरी, घरात नवी बायको. बायको म्हणजे मंगलची थोरली बहीण, आमची अक्का. दोघं सायकलीनं, एसटीनं, मिळेल त्यानं कराडला यायची आणि संध्याकाळचा खेळ बघायची. पण गावाकडे मुक्कामाला जाणारी शेवटची एसटी पिच्चर संपायच्या आधी सुटायची. त्यामुळे नायक संकटात सापडला की ही दोघं उठून स्टँडकडे पळत सुटायची.

एसटीत धापा टाकत बसल्यावर रंगराव विचारायचे, "पुढं काय झालं आसंल गं?"

आणि अक्का सांगायची. तिला काय माहीत असणार? पण सांगायची. पुढच्या बाकावरची माणसं वळून बसायची. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणायचा, "वैनी, जरा मोठ्यानं, ड्रायव्हरला ऐकू येईना." दुसऱ्या दिवशी तोच शेवट गावभर व्हायचा. एकदा एक गडी कराडला मुक्काम करून तोच पिच्चर पुरता बघून आला आणि भांडायलाच आला.

"वैनी, मी सोताच्या डोळ्यांनी बघितलंय. हिरो मरतो!"

"तुमच्या खेळाला मरला आसंल," अक्का म्हणाली. "आमच्या खेळाला जगला."

अशी ही अक्का. गेल्या वर्षी तिला झटका आला. हातपाय बरेचसे परत आले, शब्द आले नाहीत. कळतं सगळं. भाकरी थापते, रंगरावांनी चहात जास्त साखर घातली की डोळे वटारते. पण तोंडातून अक्षर नाही. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा तिच्याशी. एखादा शब्द अचानक निघेल, कधी ते सांगता येत नाही.

आणि नेमक्या त्याच सुमाराला रंगरावांनी मोबाइलवर चॅनल काढलं.

मंगलचा संताप अनावर झाला. "बायको तोंड मिटून बसलीय, आणि हे नट-नट्यांची तोंडं उघडत फिरतायत!" मी रंगरावांच्या बाजूनं काही बोलू शकलो नाही. एक तर ती म्हणत होती ते मलाही पटत होतं. आणि दुसरं, चॅनलचा कॅमेरामन मीच होतो. पहिल्या मुलाखतीत मी फक्त माझा अंगठा टिपला. आवाज मात्र उत्तम आला होता.

कामाची पद्धत साधी होती. मुंबई-पुण्याचे नट शूटिंगला कोल्हापूरकडे जाताना हायवेला शकीलभाईंच्या हॉटेलात थांबतात. ते आले की शकीलभाईंचा फोन यायचा, "रंगाभाऊ, गिऱ्हाईक आलंय." रंगराव मोटरसायकलला किक मारायचे, वाटेत मला उचलायचे. नट थालीपिठाचा पहिला घास घेतोय तोवर हे समोर हजर.

त्यांना प्रश्न विचारता येत नाहीत असं नाही. एका मालिकेत सुनेला छळणाऱ्या बाईंना त्यांनी विचारलं, "आवं ताई, दिवसभर एवढं वाईट वागून घरी गेल्यावर पोटात कालवत न्हाई व्हय?" त्या बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "कालवतं हो. म्हणून शॉट संपला की मी त्या पोरीला आधी चहा पाजते." एका तरण्याबांड नायकाला विचारलं, "रडताना डोळ्यांत औषध घालता का मनानं रडता?" तो म्हणाला, "औषध घालतो. पण हुंदका औषधानं येत नाही काका, तो आजोबांना आठवून आणतो." रंगराव खूश. "लय भारी! जेवा आता."

ठरलेला प्रश्न मात्र शेवटी यायचा. "तुमचा आवडता पिच्चर कुठला? आन् त्याचा शेवट तुमी काय केला आसता?" समोरचा मूळ शेवट सांगायला लागला की रंगराव दोन्ही कानांत बोटं घालायचे. "त्यो नको! तुमचा सांगा, तुमचा." नट गोंधळून माझ्याकडे बघायचे. मी मोबाइलच्या आड लपायचो.

मग एक दिवस कळलं की साताऱ्याजवळच्या एका खेड्यात शूटिंग चाललंय आणि दिग्दर्शक तेच आहेत, ज्यांचा पिच्चर ह्या दोघांनी लग्नानंतर सगळ्यात आधी, अर्थात अर्धाच, पाहिला होता. रंगरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत मी धीर करून म्हणालो, "रंगराव, मंगल म्हणते त्यात तथ्य आहे. ह्या वेळात अक्काशी चार शब्द बोलत बसलात तर..."

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "साडूभाऊ, बोलतो की. पर माझं बोलणं केवढं? ऊस, मोटर, गोळ्या घेतल्या का. दोन वाक्यांत संपतं. तिला माझं सगळं पाठ हाय. ही मुलाखत लावली की ती कान देऊन ऐकती. त्यो नट आपला शेवट सांगतो, आन् तिचं व्हट हलत्यात. शेवट आवडला न्हाई म्हंजे हलत्यात. बाहेर काय येत न्हाई. पर हलत्यात."

मी खिशातला मोबाइल काढला आणि त्याची काच शर्टाला पुसून घेतली.

दिग्दर्शक वयस्क होते, डोक्यावर टोपी, हातात काळा चहा. पिच्चरचं नाव काढताच खुलले. त्यात एक जवान युद्धात मारला गेला असं समजून घरचे त्याच्या बायकोचं दुसरं लग्न लावतात. अक्षता पडतात आणि हा खांद्यावर ट्रंक घेऊन मांडवाच्या दारात उभा. आमची दोघं तिथेच उठली होती.

"तो शेवट लिहायला मला फार त्रास झाला," दिग्दर्शक म्हणाले. रंगरावांची बोटं कानांत गेली. दिग्दर्शकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला सांगा, मी ऐकतो."

"तो तसाच माघारी फिरतो. पाठमोरा. कोणाला कळतही नाही. प्रेक्षकाला मी काही म्हणजे काही देत नाही." मग रंगरावांची बोटं निघालेली बघून त्यांना म्हणाले, "तुम्हाला ऐकायचंच नाही, तर आलात कशाला?"

"सांगायला," रंगराव म्हणाले. "त्यो माघारी जात न्हाई. प्रवासानं भुकेजलेला आसतो, म्हणून पंगतीत बसतो. खाली मान घालून. नवरा-नवरी जिलबी वाढाय येत्यात. ती ह्याच्या पानात वाढाय वाकती, तर ह्यो पानावर आडवा हात धरतो, नको म्हणून. त्यो हात बघून ती वळखती."

दिग्दर्शकांनी चहा खाली ठेवला.

"कोणी लिहिलं हे?"

"आमच्या मंडळीनं. एसटीत."

"माझा शेवट मी बदलणार नाही," ते हट्टानं म्हणाले. "शिवाय पंगतीचा खर्च आमच्या निर्मात्याला झेपला नसता." मग जरा पुढे झुकले. "पण ओळखल्यावर ती काय करते? लग्न तर लागलंय."

रंगरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तेवढ्यात आमचा फाटा आला. उतरलो. डोक्यावर पिठाचं पोतं होतं. पुढचं ऱ्हायलंच."

"मग विचारा की त्यांना!"

रंगरावांनी दोन वाक्यांत अक्काचं सांगितलं. दिग्दर्शकांनी खुर्ची पुढे ओढली. मग टोपी काढून माझ्या मोबाइलकडे वळले आणि सरळ त्यात बघून म्हणाले, "नमस्कार वहिनी. तुमची बाई नवऱ्याला ओळखते, इथवर आलंय. पुढे काय होतं, ते मला कळायला पाहिजे."

ह्या वेळी अंगठा मध्ये आला नव्हता. मी तिथेच तपासून घेतलं.

रंगरावांच्या घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मंगल अक्काजवळ सोप्यात शेंगा फोडत बसली होती. रंगरावांनी मोबाइल तांब्याला टेकवून लावला. अक्का ऐकत गेली. जिलबी आली तशी तिचे हात शेंगांवर थांबले. दिग्दर्शकांचा प्रश्न संपला.  अक्काचे ओठ हलले, आवाज आला नाही.

मला वाटलं, झालं. पण रंगराव मांडी घालून तिच्यासमोर बसले आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "ह्यात काय आवघड हाय? ती जिलबीचं ताट टाकती आन् किंचाळून बेशुद्ध पडती."

अक्काच्या कपाळाला आठी पडली.

"न्हाई? मग दोघं नवरं मारामारी करत्यात. ह्यो त्याला ट्रंकेनं हाणतो."

अक्काचा श्वास भरभर व्हायला लागला. तिनं मान जोरात हलवली.

"बरं, मग ती वळखून बी न वळखल्यासारखं करती आन् पुढच्या पानाला जाती. संपला पिच्चर!"

"न्हा..." अक्काच्या घशातून काहीतरी खरखरत आलं. तिनं रंगरावांच्या गुडघ्यावर थाड्कन चापट मारली. "न्हाय!"

मंगलच्या हातातली शेंग तशीच राहिली. डोळे पदरानं पुसत ती पुढे सरकली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मग अक्का, तिचा बाप बंदूक काढतो. व्हय ना?"

"न्हाय!" अक्का तिच्यावरही खेकसली. आधीपेक्षा स्पष्ट.

रंगरावांनी आपला गुडघा चोळला. चेहरा असा, की कोणीतरी गळ्यात हार घातलाय. मग ते माझ्याकडे वळले.

"साडूभाऊ, बघत काय बसलाय? तुमी बी सांगा की एक चुकीचं. तुमाला तर लगीच जमंल."