कोणीच आलं नाही तर?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सभेची नोटीस लागली की शालनमावशी सेक्रेटरींना गाठतात. "कोणीच आलं नाही तर काय करायचं, ते ठरलंय का?" सेक्रेटरी कपाळावर हात मारून घेतात. इस्त्रीवाल्यालाही त्यांनी एकदा विचारलं, "आणि कपडेच नसले तर?" तो म्हणाला, "तो मैं क्यूं आऊं, मावशी?" मावशी खूश! "बघा, याला कळतं. तुम्हाला नाही."

'तुम्हाला' म्हणजे आम्हाला, त्यांच्या रविवारच्या प्रोग्रामिंगच्या वर्गातल्या बायकांना. मावशींनी जन्मभर कंपनीत प्रोग्राम लिहिले. रिटायर झाल्यावर एकट्या घरात करायचं काय, म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये आम्हाला शिकवायला घेतलं. गणितं त्या घालतात, तपासतो कम्प्युटर. बरोबर तर हिरवं, चूक तर लाल. सगळं हिरवं होईपर्यंत पुढचा धडा नाही. लाडीगोडीही चालत नाही. मेल्या यंत्राला खिरीची वाटी तरी कशी नेऊन देणार?

एका गणितात आम्ही सगळ्याच अडकलो. जेवायला येणाऱ्यांची यादी द्यायची, पानं किती मांडायची ते प्रोग्रामने सांगायचं. तिघं आली, तीन पानं. हिरवं. दहा आली, दहा. हिरवं. यादी रिकामी, पानं शून्य. लाल!

माझं डोकंच फिरलं. "मावशी, तुमचं यंत्र गंडलंय. कोणीच नाही आलं तर शून्यच ना?"

"एक."

"कोणाचं?"

"अगं, माझं! पाहुणे असले की वाढणारी मागून जेवते, तिचं पान कोण धरतं? कोणी नसलं की मीच बसते ना. रोजच्यासारखी."

मी 'यादी रिकामी असेल तर एक' अशी वेगळी अट घातली. झालं हिरवं.

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर आम्ही सगळ्या डबे घेऊन मावशींच्या घरात घुसलो. सवयीने त्या वाढायला उठल्या. मी हाताला धरून बसवलं. "मागून-बिगून काही नाही. आमच्याबरोबर जेवायचं!" मावशी नाही-नाही म्हणत बसल्या आणि मठ्ठा दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडते तर काय, माझं तेच गणित लालभडक! तडक फोन लावला.

"मावशी, वाट लागली! तिघांची तीन पानं, तीही चूक?"

"चार. उत्तरं बदललीत मी. यादीतल्यांची धरायची, आणि एक माझं. सगळ्यांबरोबर."

"आणि कोणीच आलं नाही तर?" मी मुद्दाम विचारलं.

मावशी खुदकन हसल्या. "ती वेगळी अट काढून टाक गं. आता लागत नाही."