हत्तिणीचा पंप

फुलचंदभाऊ माणसाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या गाडीखाली. कारंज्याच्या स्टँडवर एसटी लागली की लोक उतरायच्या आत हा माणूस पायजमा वर ओढून गुडघ्यांवर बसायचा, मान तिरकी करायचा आणि इंजिनाच्या पोटाखाली नजर फिरवायचा. थेंब दिसला की पिशवीतून एक पसरट डबा काढायचा आणि बरोबर थेंबाखाली सरकवायचा. डब्यावर बारीक जाळी. तेल आत जावं, किडा-मुंगी जाऊ नये. मग ड्रायव्हरला म्हणायचा, "गळून राह्यली ना बाप्पा! जीव जाते ना!"

कुणाचा जीव, हे नव्या ड्रायव्हरला कळायचं नाही. तो बिचारा दचकून आपली छाती चाचपायचा.

एका लग्नात नवरदेवाची जीप मांडवाशी येऊन थांबली. बायका आरती घेऊन पुढे झाल्या आणि भाऊ गाडीखाली गेले. नवरदेव ऐटीत उतरला तो थेट भाऊंच्या पाठीवर पाय देऊन. भाऊंना त्याचं काही नाही. त्यांनी खालूनच विचारलं, "गिअरबॉक्स कवा उघडला होता?"

भाऊ जैन. घरची कापडाची पेढी, थोरले भाऊ गादीवर बसायचे. यांना मात्र लहानपणापासून इंजिनाचं वेड. कापसाच्या जिनिंगमधल्या मिस्त्र्यांच्या मागे हिंडून शिकले आणि धनज रस्त्यावर पत्र्याचं वर्कशॉप टाकलं. तेलकट हाताच्या माणसाला पेढीवर बसवत नाहीत आणि व्यापाऱ्यांच्या घरातली मुलगीही देत नाहीत. त्यामुळे लग्न राहिलं ते राहिलंच. वहिनी डबा पाठवायच्या, भाऊ तो सूर्य मावळायच्या आत वर्कशॉपमध्ये एकटेच खायचे. दिवा लावून कामही करायचे नाहीत, कारण दिव्यावर पाखरं येतात. संध्याकाळी नट अर्धा फिरवलेला असला तर तो सकाळपर्यंत अर्धाच राहायचा.

गळती हा त्यांच्या लेखी बिघाड नव्हताच, ती हिंसा होती. "मानसाले तेल दिसते, तो बाजूनं चालते. मुंगीले कोन सांगन?" असं ते विचारायचे, आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे.

मी तेव्हा फिरत्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, पण आवाज असा की धनजच्या पारावरची म्हातारी माणसंसुद्धा विडी विझवायची. आमची गाडी परदेशी होती. दुष्काळात विहिरी खोदायला साहेब लोक आले होते, ते जाताना दोन गाड्या मागे ठेवून गेले. त्यातली एक दवाखान्याला मिळाली. चारही चाकांना जोर, नाल्यातून, ढेकळांतून, कुठूनही जायची. आकार बघून लोक तिला हत्तीण म्हणायचे.

आकार हत्तिणीचा असला तरी तिचं स्टिअरिंग बाई एका हाताने फिरवायच्या. त्याचं कारण होतं इंजिनाला पट्ट्याने जोडलेला एक लहानसा पंप. तो तेल दाबायचा आणि त्या तेलाच्या जोरावर चाकं वळायची. आपल्याकडच्या जीपना असले लाड नव्हते. हा पंप होता म्हणूनच बाई ड्रायव्हरवाचून आठवड्यातले चार दिवस गावं फिरू शकायच्या. ड्रायव्हर ठेवायची दवाखान्याची ऐपत नव्हती, आणि मला सायकलसुद्धा धड येत नव्हती.

तर वैशाखात तो पंप गळू लागला.

बाईंनी उपाय काढला होता. रोज सकाळी तेल ओतायचं, संध्याकाळपर्यंत ते गळायचं, दुसऱ्या सकाळी पुन्हा ओतायचं. हे बिनबोभाट चाललं असतं, पण एके दिवशी हत्तीण भाऊंच्या वर्कशॉपसमोर हवा भरायला थांबली. पुढचं सांगायला नकोच. भाऊ अर्धा तास गाडीखालून बाहेर आले नाहीत. आले ते डोळे लाल करूनच.

"बाई, तुमी जीव वाचवाले जाता का माराले? इथून धनजपरेंत रस्ताभर तेल सांडत जाता!"

"थेंब थेंब तर गळतंय, भाऊ."

"मुंगीले थेंब म्हंजे विहीर होय."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. पंपाच्या दांड्यावरचं रबरी सील कडक होऊन चिरलं होतं. तसलं सील इथे मिळणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, मोच्याकडून चामड्याचं वायसर कापून आणतो, तासाभराचं काम. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे झालो. जीव जाऊ नये म्हणून गळती थांबवायची आणि ती चामड्याने! मग त्यांनी जिनिंगमधून सुताचा पीळदार दोर आणला, ग्रीसमध्ये बुडवून दांड्याभोवती गुंडाळला. हत्तीण बाजाराच्या मैदानापर्यंत कोरडी गेली. तिथे पिचकारी उडाली.

तेव्हा भाऊंनी जे केलं ते भाऊच करू जाणे. त्यांनी पंपच काढून फडक्यात बांधला. "आता गळत नाई," म्हणाले.

गळत नव्हतं हे खरं. पण वळतही नव्हतं. बाई सीटवर बसल्या, दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकल्या, पाय टेकवून जोर लावला, तरी चाक चार बोटं हललं. त्या खाली उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. दवाखान्याच्या विश्वस्तांचं पत्र आठवड्यापूर्वीच आलं होतं: गाडी उभी राहणार असेल तर दुसऱ्या गावाला द्यावी लागेल. आणि धनजला दर गुरुवारी बायका पोरं कडेवर घेऊन सकाळपासून बसायच्या. गाडी गेली की त्यांचा दवाखाना गेला.

"भाऊ, मला पंप पाहिजे," बाई म्हणाल्या. "कुठूनही आणा."

साहेबांची दुसरी गाडी परत पाठवायची म्हणून जऊळक्याला स्टेशनवर आणली होती. कागदपत्रं अडकली आणि ती मालधक्क्यामागे तशीच राहिली. टायर गेले, काचा गेल्या, पण इंजिन होतं. दुसऱ्याच दिवशी भाऊ आणि मी दोन एसट्या बदलून, ऊन खात तिथे पोचलो. स्टेशनमास्तरांची परवानगी काढली. भाऊंनी बॉनेट उचललं आणि तसंच धरून उभे राहिले.

पंप होता. शाबूत होता. आणि पंपावर, पट्ट्यात काड्या गुंतवून, साळुंकीचं घरटं होतं. चार पिल्लं, डोळे मिटलेले, चोची उघड्या.

मी म्हटलं, "घरटं उचलून बाजूले ठेवू. दहा मिनिटांत पंप सुटते."

"मंग तिची माय येनार नाई."

"येते भाऊ, कायले नाई येनार?"

"तुले तिनं सांगितलं का?"

त्यांनी बॉनेट इतकं हळू खाली ठेवलं की आवाजसुद्धा झाला नाही. मग आधी होती तितकीच फट राहावी म्हणून त्यात लाकडाची एक ढलपी बसवली. स्टेशनमास्तरांना एक कोरं पोस्टकार्ड दिलं, त्यावर स्वतःचा पत्ता लिहून. पिल्लं उडाली की एवढंच कळवा, म्हणाले. मास्तरांनी ते कार्ड खिशात ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

परतीच्या एसटीत मी भाऊंपासून दोन बाकं सोडून बसलो. मला खरोखर राग आला होता. बाईंना तर माझ्यापेक्षा जास्त आला.

"तिकडे बायका खोळंबल्यात आणि तुम्ही साळुंकीचं बाळंतपण करत बसलात?"

"बाळंतपन झालं, बाई," भाऊ शांतपणे म्हणाले. "आता फकत पोट्टे मोठे व्हाचे हायेत. तीन हप्ते. तवरोक गाडी मी चालवतो."

"आणि तुमचं वर्कशॉप?"

"त्याले कुलूप हाय ना."

आणि खरोखरच पुढचे तीन आठवडे फुलचंदभाऊंनी हत्तीण हाकली. वळण आलं की ते सीटवरून अर्धे उभे राहायचे आणि जातं ओढावं तसं स्टिअरिंग ओढायचे. मोठं वळण असलं की बाजूने मी हात घालायचो आणि मागून बाई ओरडायच्या, "डावीकडे! अजून डावीकडे!" धनजच्या नाल्यावरचं वळण तर आम्ही दोन वेळा मागेपुढे होऊनच घ्यायचो. पहिल्याच आठवड्यात भाऊंचे दंड सुजले. बाईंनी चोळायला मलम दिलं. भाऊंनी डबी उघडून वास घेतला आणि विचारलं, "यात चरबी तं नाई?" बाईंनी डबीवरचं सगळं वाचून दाखवलं, तेव्हा कुठे मलम लागलं.

गावात पोचलं की भाऊंना काही काम नसायचं. ते गाडीच्या पायरीवर बसायचे. बाया बघत होत्याच की एक माणूस रिकामा बसलाय. एकीने तपासायला आत जाताना पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं. भाऊ ताठ झाले, जणू कुणी पेटता स्टोव्ह दिला. थोड्या वेळाने त्यांनी पोराला दोन्ही हातांनी वर उचललं, खालून नीट बघितलं आणि आईला हाक मारली, "बाई, तुमचा गळून राह्यला!"

सगळी रांग हसली. भाऊही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या गुरुवारी त्यांच्या मांडीवर दोन पोरं होती आणि तिसरं पाठीवर चढत होतं.

सूर्य कलला की भाऊ अस्वस्थ व्हायचे, म्हणून साडेपाचला बाई रांग थांबवायच्या आणि आम्ही तिघं चिंचेखाली जेवायला बसायचो. भाऊंच्या डब्यातली मुगाची उसळ बाईंना आवडते हे कळल्यावर वहिनींना निरोप गेला आणि एका डब्याचे दोन झाले. जेवताना भाऊ किती बोलायचे! जिनिंगमधला बॉयलर, लहानपणी हरवलेली सायकल, आईच्या हातची शेवेची भाजी. वर्षानुवर्षं साठलेलं असावं. बाई ऐकायच्या आणि मी त्यांच्या उसळीवर हात मारायचो.

चौथ्या सोमवारी कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: "चारही पिल्ले उडाली."

भाऊ लगेच जऊळक्याला जाऊन पंप घेऊन आले. रिकामं घरटंसुद्धा त्यांनी मोडलं नव्हतं, शेजारच्या लिंबावर ठेवून आले होते. मंगळवारी दिवसभर बसून पंप बसवला, पट्टा ताणला, तेल भरलं आणि आतली हवा निघावी म्हणून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत कितीदा तरी फिरवलं. तेलातले बुडबुडे थांबले. मग गाडीखाली कोरा कागद पसरला आणि अर्धा तास त्याच्याकडे बघत बसले. कागद कोरा राहिला.

बाईंनी सीटवर बसून एका बोटाने स्टिअरिंग फिरवलं आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. "वाचवलंत, भाऊ!" म्हणाल्या. विश्वस्तांना त्याच दिवशी पत्र गेलं की गाडी उत्तम आहे. भाऊंनी फडक्याने हात पुसले, किल्ली बाईंच्या हातात दिली आणि वर्कशॉपच्या पत्र्याखाली गेले. आनंदाच्या भरात आम्ही दोघंही त्यांच्याकडे वळून बघायला विसरलो. ही चूक आमची.

गुरुवारी बाई आणि मी धनजला गेलो. पोहोचताच रांगेतली पहिली बाई म्हणाली, "भाऊ नाई आले? लेकरू कोन धरन?" मग दुसरीने विचारलं, मग तिसरीने. दिवसभर मी सांगत राहिलो की पंप बसला, आता त्यांची गरज नाही. सांगताना ते मलाच बरं वाटत नव्हतं. रांग मोठी होती आणि साडेपाचला थांबवायला कुणी नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा सूर्य बुडाला होता.

कारंजा जवळ आलं तसं रस्त्यावर भाऊंचं वर्कशॉप दिसलं. ते बाहेर स्टुलावर बसले होते. शेजारी दुसऱ्या स्टुलावर डबा, मोठा, दोघा-तिघांना पुरेल असा. झाकणही काढलेलं नव्हतं.

बाईंनी गाडी थांबवली. मी उतरून विचारलं, "भाऊ, जेवले नाई?"

"तुमी याच रस्त्यानं येता ना," ते म्हणाले. "म्हटलं, सहापरेंत याल. मंग साडेसहा वाजले. मंग सूर्य गेला."

"म्हंजे आता सकाळपरेंत उपाशी?"

त्यांनी मान हलवली. तक्रार म्हणून नव्हे, नट किती सुताचा आहे ते सांगावं तसं म्हणाले, "वीस वर्सं एकटाच जेवलो, कंपाउंडर. काई वाटे नाई. या तीन हप्त्यांत सवय मोडली. घास खाली उतरत नाई."

बाई खाली उतरल्या आणि पदर सावरून भाऊंच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

मग बाई म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारपासून मी साडेपाचला रांग थांबवते. साडेपाच म्हणजे साडेपाच."

भाऊ एकदम ताठ झाले. "रांग कायले थांबवता? बाया कुठून कुठून चालत येतात." थोडं थांबून, दुसरीकडे बघत ते म्हणाले, "चारची एसटी हाय धनजची. मीच येतो डबा घेऊन."

"नक्की?"

"येतो मनलं ना."

त्यांनी डबा उचलला, आत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन आम्हाला विचारलं की उसळीत मीठ किती आवडतं.