गिअरच्या मेंदूचं विसर्जन

बिंदुमाधव गुरुजींचा राग मुळात जावयावर होता, मग तो गाडीवर गेला, आणि गुरुवार उजाडेपर्यंत दुर्गाघाटाच्या गल्लीत भेटेल त्याला त्यांनी तो थोडा थोडा वाटलाही होता.

कारण तसंच होतं. पन्नास वर्षं शास्त्र तसूभरही न वाकवता सांभाळल्याबद्दल प्रयागच्या एका सभेनं गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांचा सत्कार ठेवला होता. गुरुजी सकाळच्या रेल्वेनं जाणार होते. पण सोमवारी जावई सुशांत लखनौहून आपली जुनी विकत घेतलेली लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, ट्रेन कशाला? मी आहे ना. अडीच तासांत स्टेजपर्यंत."

मंगळवारी ती गाडी मैदागिन चौकातल्या पार्किंगमध्ये जागच्या जागी बसली. इंजिन गुरगुरायचं, गिअरचा दांडा पुढेमागे व्हायचा, गाडी मात्र वीतभर सरकेना.

"पन्नास वर्षं मी पायी घाटावर जातोय," गुरुजी घरी येऊन अन्नपूर्णाबाईंना म्हणाले. "माझे पाय कधी पार्किंगमध्ये अडकले नाहीत."

"तुमच्या पायांना कुणी लाल रंग दिला नव्हता," बाई म्हणाल्या.

लल्लन मिस्त्री आला. त्यानं गाडीला लॅपटॉप जोडला आणि वैद्यानं नाडी धरावी तसे डोळे मिटून तो जरा वेळ बसला. मग म्हणाला, "गुरुजी, गिअर एकदम चकाचक है। गिअर का दिमाग खराब है।"

"ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, बाबा," सुशांतनं खुलासा केला. "कधी कुठला गिअर टाकायचा ते हा डबा ठरवतो."

"मग तू काय ठरवतोस?"

सुशांतनं मोबाईल बघायला घेतला.

नवा डबा दिल्लीहून गुरुवारी सकाळी येणार होता. बुधवारी संध्याकाळी लल्लननं जुना डबा काढून ठेवला. तळहातापेक्षा जरा मोठा, ॲल्युमिनियमचा, एका बाजूला दातांसारख्या पिना. सुशांत फोनवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, म्हणून लल्लननं तो गुरुजींच्याच हातात दिला. "इसे घर ले जाइए। हमारी दुकान में बंदर बहुत हैं।"

गुरुजींनी डबा घरी आणला आणि त्यांना तो कुठे ठेवावा कळेना. खंडित वस्तू घरात ठेवायची नाही, हे ते यजमानांना रोज सांगत. तडा गेलेली मूर्ती, फुटलेला शंख, सगळ्यांची जागा एकच, गंगा.

"अहो, लोखंडाचा डबा आहे तो, मूर्ती नाही," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"लोखंडाचा नाही. आणि जो इतकी वर्षं निर्णय घेत होता, तो नुसता डबा कसा? प्राण गेलाय त्याचा. उद्या माझा सत्कार आहे आणि आज घरात प्रेत ठेवू?"

"सुशांतला विचारा तरी."

"मला विचारून गाडी घेतली होती का त्यानं?"

गुरुवारी पहाटे त्यांनी बचाऊ मल्लाहाला उठवलं, नाव काठापासून हाकेच्या अंतरावर न्यायला लावली, संकल्प सोडला, अक्षता वाहिल्या, झेंडूची दोन फुलं वाहिली आणि डबा सोडला. तो बुडबुडाही न काढता खाली गेला. जावयाकडून आयुष्यात झालं नसतं असं एक काम आपण शास्त्रशुद्ध उरकलं, या समाधानात ते परत आले आणि आठ वाजता घाटावर यजमानांचे विधी सांगायला बसले.

नऊ वाजता लल्लन नवा डबा घेऊन त्यांना शोधत घाटावरच आला. मागे सुशांत.

"गुरुजी, पुराना वाला दीजिए।"

"त्याचं काय काम आता?"

"नया वाला तो कोरा है। गाड़ी का नंबर, गिअर की सारी आदत, सब पुराने में है। उसी में से नए में उतारना पड़ेगा। नहीं तो गाड़ी इसको पहचानेगी ही नहीं।"

गुरुजींनी नदीकडे पाहिलं. लल्लननंही पाहिलं. सुशांतनं दोघांकडे पाहिलं आणि तो पायरीवर खाली बसला.

"बाबा, तुम्ही त्याचं काय केलंत?"

"जे करायला हवं तेच केलं," गुरुजी म्हणाले. "ह्याने सांगायला नको? मेलेल्या वस्तूत जीव शिल्लक आहे हे मला कसं कळणार? वैद्य सांगतो की नाही आधी?"

"हम बोले घर ले जाइए," लल्लन म्हणाला. "हम बोले थे कि गंगा जी को दे दीजिए?"

"माकडांपासून जप असंही तू म्हणालास. गंगेत माकडं जात नाहीत."



सकाळची रेल्वे गेलेली होती. लग्नसराईतला शेवटचा मुहूर्त त्याच दिवशी असल्यानं पुढच्या रेल्वे, बस गच्च भरलेल्या आणि शहरातल्या भाड्याच्या गाड्या सगळ्या वराती ओढत होत्या. वरातींनी रस्तेही तुंबलेले, एक वाजेपर्यंत निघालं नाही तर पाचचा सत्कार बुडणार. राहता राहिला बचाऊ. तो म्हणाला, जागा मला ठाऊक आहे, उतरतो, सापडलं तर गंगामैयाची मर्जी.

तो उतरला. पहिल्यांदा वर आला तो पितळी घंटी घेऊन. दुसऱ्यांदा एका गणपतीची सोंड. तिसऱ्यांदा कुणाचा तरी फ्रेममधला फोटो, काचेसकट. प्रत्येक वेळी गुरुजी काठावरून ओरडून सांगत, "हे नाही, हे परत ठेव," आणि बचाऊ प्रत्येक वेळी निमूटपणे ते परत ठेवून येई. बघ्यांची गर्दी वाढत गेली. अकरा वाजता बचाऊनं हात वर केला. हातात डबा, डब्यावर झेंडूची एक पाकळी.

"गुरुजी, ई आपै का है न?"

गर्दीनं गुरुजींकडे पाहिलं. दिलेलं परत घ्यायचं नाही, हे या गर्दीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. 

"माझंच आहे," ते शेवटी म्हणाले.

लल्लननं डबा झटकला, पुसायला गुरुजींच्या धोतराच्या सोग्याकडे हात नेला, त्यांचा चेहरा बघून स्वतःच्या शर्टाला पुसला आणि म्हणाला, "सीलबंद माल है, बच जाएगा।" मग तो आणि सुशांत मैदागिनकडे पळाले.

गुरुजीही निघाले होते. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आल्या. सोलापूरच्या कस्तुरी देशमाने. सकाळी त्यांचाच विधी गुरुजींनी सांगितला होता.

"गुरुजी, मघाशी ओंजळ सोडताना माझी अंगठी गेली. आईची होती. तुम्ही म्हणालात, गंगेनं घेतलं ते तिचं, परत मागायचं नसतं."

"हो. म्हणालो."

"मी काही म्हणत नाही," कस्तुरीबाई म्हणाल्या. आणि खरंच काही न म्हणता त्या पाण्याकडे बघत पायरीवर बसल्या.

त्या भांडल्या असत्या तर गुरुजींना सोपं गेलं असतं. भांडणात ते कधी हरले नव्हते. ते चार पायऱ्या चढले, पाचवीवर थांबले, लल्लनला, जावयाला, दिल्लीच्या कुरिअरला मनातल्या मनात लाखोली वाहिली आणि मागे वळले.

"बचाऊ, पुन्हा उतर."

एक वाजायला दहा मिनिटं असताना सुशांत धापा टाकत आला. "बाबा, गाडी चालू झाली. एकदम मक्खन. चला लवकर."

बचाऊ पाण्याखाली होता. कस्तुरीबाई तिथंच होत्या. त्यांनी मान वर करून गुरुजींकडे पाहिलं, इतकंच.

"मी येऊ शकत नाही," गुरुजी म्हणाले.

"आता?" सुशांत रडकुंडीला आला. "दोन दिवस त्या गाडीसाठी मी..."

"मी तुला गाडी आण म्हटलं होतं?"

डब्यात जेवण घेऊन घाटावर आलेल्या अन्नपूर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डबा नवऱ्याच्या हातात दिला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सुशांत, चल. सत्कार घ्यायला घरातलं कुणीतरी दिसायला हवं."

अंगठी साडेतीन वाजता मिळाली. कस्तुरीबाईंनी ती डोळ्यांना लावली आणि गुरुजींच्या पाया पडल्या. गुरुजींनी आशीर्वाद दिला, पण घुश्शातच.

दिवेलागणीला, सुशांतबरोबर माहेरी आलेल्या त्यांच्या मुलीनं, अवनीनं, फोन आणून दिला. फोटो होता. स्टेजवर अन्नपूर्णाबाई, खांद्यावर गुरुजींची शाल, हातात गुरुजींचा नारळ. मागोमाग खुद्द बाईंचाच फोन आला.

"छान झालं हो. मला बोलायलाही लावलं."

"काय बोललीस?"

"विचारत होते, गुरुजी का नाही आले. म्हटलं, घाटावर विधी चालू आहे, अर्ध्यात उठता येत नाही. तर म्हणाले, कुठला विधी? मग सांगितलं, गंगेकडून वस्तू मागून घ्यायचा."

"असा विधी शास्त्रात नाही," गुरुजी कडाडले.

"आता आहे. टाळ्या पडल्या. रविवारी तिघं येतायत, एकाची तिजोरीची चावी गंगेत गेलीय आणि दोघींच्या नथी. साहित्य काय काय आणायचं, ते विचारतायत."