पहिल्या गिअरमधला मामा

ऑटोमॅटिक गाड्यांवर मी आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत लेख लिहिला, तेव्हा माझ्याकडे ऑटोमॅटिक गाडी नव्हती. बातमीदाराला असल्या किरकोळ गोष्टी आड येत नाहीत! R म्हणजे मागे. N म्हणजे न्यूट्रल. D म्हणजे पुढे. गिअर गाडी आपले आपण बदलते. आणि D च्या डावीकडे M. तिथे दांडा नेला की गिअर तुम्ही बदलायचे. झालं! यवतमाळभर लेख गाजला. म्हणजे दोघांचे फोन आले. मग लिहिता लिहिता मलाच मोह झाला आणि मी गाडी घेतली.

तिचं पहिलं मोठं काम निघालं ते घाटंजीला, माझी भाची सुरभी हिच्या लग्नाचं. आमच्याकडे नवरी मामानं आणलेल्या पिवळ्या साडीत अंतरपाटासमोर येते आणि मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. सुरभीला मामा एकच. आदल्या दिवशी तिनं फोनवर बजावलं, "मामा, तुमी पाठीशी नसले तं मले रडू येईन हं!"

"अगं, क्लच नाही, गिअरची कटकट नाही. आपली गाडी म्हणजे पाणी! वऱ्हाडाच्या आधी पोचतो की नाही बघ!"

साडी बायकोच्या मांडीवर ठेवून निघालो. गाडी खरोखर पाण्यासारखी चालली होती. मग उतार आला. उतार दिसला की न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं, ही जुन्या गाडीची सवय. केलं न्यूट्रल! खाली शेळ्यांचा कळप आडवा आला, थांबलो. शेळ्या गेल्या. जुन्या गाडीत पहिला गिअर डाव्या अंगाला असायचा. डाव्या हातानं मला न विचारता दांडा ओढला आणि डावीकडे नेला.

गाडी निघाली आणि जरा वेग घेताच, पोळ्याला शिंगं रंगवताना बिथरलेल्या गोऱ्ह्यासारखी ओरडू लागली.

"अहो, हे काहून बोंबलून राह्यली?" इंदूनं विचारलं.

"नवीन आहे. अंग मोकळं करते आहे."

"मंग आपण काय आंग मोकळं होईस्तोर इथंच राहाचं?"

वेग वाढवला की किंकाळी, म्हणून मी वेग वाढवेना. आधी एक सायकल पुढे गेली. मग कापसाची बैलगाडी. गाडीवानानं माझ्याकडे दयेनं पाहिलं! मी थांबून गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. हात पुन्हा डावीकडे. पुन्हा किंकाळी!

तेवढ्यात मागून वाजतगाजत टेम्पो आला. नवरदेवाकडचं वऱ्हाड!

"मामाजी, आजच्या लग्नाले निघाले का बारशाले?" वरून कोणीतरी ओरडलं. टेम्पोभर हशा!

टेम्पो थांबला, मीही थांबलो. इंदू साडी घेऊन खाली उतरली. "चला, आपण बसू टेम्पोत. गाडी राहू द्या इथंच."

"भर रस्त्यात? लेख लिहिणाऱ्या माणसानं?"

"लेखाले घाला चुलीत! पोरगी वाट पाहून राह्यली तिकडं."

"तू हो पुढे. मी आलोच मागून."

हे 'आलोच' मी आजही आठवतो आणि जीभ चावतो. टेम्पोत माझ्यापुरती जागा होती. एका पाहुण्यानं हातसुद्धा पुढे केला होता.

घाटंजीची वेस दिसत होती तेव्हा धाकट्या बहिणीचा, वच्छलाचा फोन आला. "दादा, कुठं आहा? मंगलाष्टकं सुरू झाली ना!"

"हे काय, दारातच!"

दार अजून पुष्कळ लांब होतं. मी जोर देऊन ॲक्सिलरेटर दाबला. गाडीनं एवढा आक्रोश केला की रस्त्याकडेची म्हैस उठून उभी राहिली. वेग मात्र म्हशीच्या जवळपासच राहिला.

पोचलो तेव्हा मांडवात अक्षता पसरल्या होत्या आणि लोक पंगतीत बसले होते. सुरभी पिवळ्या साडीत उभी होती. मी घेतलेली, तिच्या अंगावर मी पहिल्यांदाच पाहत असलेली साडी.

"मामा," ती म्हणाली, "मी सारखं मागं वळून पाहत होती. भटजी रागावले मले."

"मग पाठीशी कोण उभं राहिलं?"

"मामी."

 फोटोत इंदू आहे. माझ्या जागी, पदर खोचून, बंदोबस्तावरच्या शिपायासारखी.

"गाडी बिघडली गं," मी म्हणालो.

नवरदेवाचे काका गोपाळराव लगबगीनं पुढे आले. "आटोमॅटिक ना? पाहू द्या! तुमचा लेख वाचूनच मी घेतली, मामासाहेब. कापून ठेवला आहे!" त्यांनी दार उघडून आत डोकावलं, आणि तसेच वाकून राहिले. "अहो, हे तं M वर आहे! पहिल्याच गिअरमध्ये आले का यवतमाळहून?"

"शेळ्यांपासून," मी म्हणालो.

"तुमीच तं लिहिलं होतं, M वर गाडी आपणहून गिअर बदलत नाही म्हणून!"

पंगतीत भात वाढणाऱ्याचा हात थांबला. मग सगळा मांडव हसला. सुरभीही हसली, डोळे पुसत. ती हसली म्हणून मीही हसलो. पण मंगलाष्टकं काही माझ्यासाठी परत म्हणता येत नव्हती.

पाठवणीची गाडी मामाचीच, असं आधी ठरलं होतं.  सुरभी गोपाळरावांच्या गाडीत बसली. त्यांनी दांडा D वर घेतला, माझ्याकडे पाहून मान डोलावली, आणि गाडी जराही आवाज न करता निघून गेली.

मी निरोपाला हात हलवत राहिलो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, हात डावाच होता.