निऱ्या पुढं असलेला किल्ट

डोंगरावरच्या स्कॉटिश सरदारांची जी मालिका रविवारी सकाळी अकराला लागते, तिने गेल्या माघात माझ्या वडिलांच्या किल्टवर हरकत घेतली.

हरकत रीतसर होती. सरदार फर्गस कड्यावर उभा राहून शत्रूच्या दिशेने बघत असताना पडद्याच्या तळाशी पट्टी सरकू लागली: ‘हातलगड येथील सेवानिवृत्त बँडवाले भैरू लोखंडे यांनी मालिका संपल्यावर घरी थांबावे.’ मी पंचायत समितीत आवक-जावक बघते, त्यामुळे आलेला कागद नोंदवल्याशिवाय मला चैन पडत नाही. पट्टी तीनदा सरकली तेवढ्यात मी ती वहीत उतरवून घेतली आणि तारीख घातली.

आमच्या गावात किल्ट कुठून आला, हे आधी सांगते. हातलगड हे एके काळी संस्थान होतं, हाताच्या पंजावर मावेल एवढं. राजेसाहेबांनी कुठल्याशा संचलनात स्कॉटिश पलटणीचा बँड पाहिला आणि ते तिथेच विरघळले. बारा किल्ट, म्हणजे पुरुषांनी नेसायचे चौकडीचे आखूड घागरे, आणि काखेतल्या पिशवीत फुंकून वाजवायचे बारा बॅगपाइप मागवले. मागवलेले किल्ट झिजले तेव्हा इथल्या कोष्ट्यांनी लुगड्याच्या मागावर तीच चौकडी विणली आणि इथल्याच शिंप्याने नवे शिवले. किल्टच्या निऱ्या मागे असतात आणि पोटावर तो सपाट असतो, हे त्या शिंप्याला कोणी सांगितलं नाही. त्याने आयुष्यभर निऱ्या पुढेच पाहिल्या होत्या, धोतराच्या काय आणि लुगड्याच्या काय. त्याने त्या पुढे घातल्या. तेव्हापासून नव्वद वर्षं हातलगडचा किल्ट तसाच आहे, आणि आजवर त्यामुळे कोणाचं काही अडलं नव्हतं.

संस्थान गेलं, पण बँड राहिला. गावच्या जत्रेत, झेंडावंदनाला, शाळेच्या बक्षीस समारंभात तो वाजायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यात एकेचाळीस वर्षं होते. हळूहळू माणसं गेली आणि शेवटी दोघे उरले: आप्पा आणि किसनकाका डवरी. त्या माघात किसनकाका सरकारी दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

मालिका संपली, जाहिरात लागली आणि सरदार फर्गस टीव्हीतून उतरून आमच्या सोप्यात आला. उंची सहा फूट, तांबडी दाढी, कमरेला तलवार. त्याच्यासोबत त्याचा वाराही आला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडू लागलं आणि स्वयंपाकघरातला गॅस विझला. मी उठून खिडक्या लावल्या, पण वारा बाहेरचा नव्हताच.

“बसा,” मी म्हणाले.

“मी बसत नाही,” तो म्हणाला. त्याचे ओठ आधी हलत आणि मराठी शब्द थोड्या वेळाने पोचत. “भैरू लोखंडे आपणच?”

“व्हय,” आप्पा म्हणाले. ते लसूण सोलत होते.

फर्गसने कागद काढला. हरकती तीन होत्या. किल्टच्या निऱ्या पुढच्या बाजूला आहेत, त्यामुळे वारशाचा अवमान होतो. परिधान करणाऱ्याच्या भोवती वारा आढळत नाही. आणि सर्वांत गंभीर म्हणजे, दिनांक नऊ रोजी सदर इसम किल्ट घालून सरकारी दवाखान्यात एका रुग्णाला चमच्याने पेज भरवताना आढळला, ज्यामुळे किल्ट व मर्दानगी यांच्या संबंधास बाधा पोचली.

“किसननंच सांगितलं हुतं, किल्ट घालून ये म्हणून,” आप्पा म्हणाले. “त्येला बघायचा हुता.”

“किल्ट घालून कड्यावर उभं राहावं, घोड्यावर बसावं किंवा लढावं,” फर्गस म्हणाला. “भरवण्याची तरतूद नाही.”

यात त्याची चूक नव्हती. मी ती मालिका पहिल्या भागापासून पाहत आले आहे. त्यात किल्टवाला माणूस कधी भाजी आणायला गेलेला दिसत नाही, त्याला सर्दी होत नाही, त्याचा किल्ट कोणी धूत नाही. आमच्या गावातली निम्मी पोरं दाढ्या वाढवून टेकडीवर हाताची घडी घालून उभी राहायला लागली होती, ती त्याच्यामुळेच. त्यांच्या आया खालून जेवायला हाका मारायच्या आणि ती ऐकू न आल्यासारखी ढगांकडे बघायची. मला त्या पोरांचा राग यायचा, आणि फर्गसचाही यायचा. पण कागद बरोबर होता, सही होती, शिक्का होता.

किल्ट जप्त झाला. फर्गस तो हातावर घेऊन टीव्हीत परत गेला. पुढच्या रविवारी किल्ट आम्हाला मालिकेत दिसला. किल्ल्याच्या दिवाणखान्यात ढालींच्या शेजारी खिळ्याला टांगला होता आणि त्याला पुराव्याची चिठ्ठी लावली होती. सरदार त्याच्यासमोर युद्धाची चर्चा करत होते. आप्पा चष्मा लावून त्याच्याकडेच बघत बसले. “खिळ्यानं कापड फाटंल,” एवढंच ते म्हणाले.

त्यांचा जीव कशात अडकला होता ते मला माहीत होतं. बँडचा एक रिवाज आहे. बँडवाला गेला की उरलेल्यांनी किल्ट घालून त्याच्या दारात वाजवायचं, आणि ते झाल्याशिवाय तिरडी उचलायची नाही. वाजवणाऱ्याला रडता येत नाही, कारण हुंदका आला की पिशवीतला दम तुटतो. म्हणून एकाने वाजवायचं आणि दुसऱ्याने रडायचं, मग अदलाबदल करायची. रडणाराही किल्टमध्येच पाहिजे. घरच्यांचं रडणं वेगळं, ते घरच्यांनी रडावं. बँडचं रडणं बँडने करायचं.

किसनकाका बुधवारी सकाळी गेले.

आप्पांनी मला टीव्ही लावायला सांगितला. मालिकेचा वार नव्हता, मुंबईतल्या कुठल्या तरी सासूची भांडणं चालली होती. आप्पा पडद्याजवळ गेले आणि दारावर वाजवतात तसं त्यांनी दोन बोटांनी वाजवलं. “फर्गस हायत का?”

सासू बाजूला झाली आणि मागून फर्गस आला. आप्पांनी काय झालं ते सांगितलं. मी तोवर अर्ज लिहून काढला होता: तात्पुरत्या वापरासाठी किल्ट मिळणेबाबत. फर्गसने तो दोनदा वाचला.

“अधिकाऱ्याच्या उपस्थितीत देता येईल,” तो म्हणाला आणि किल्ट घेऊन खाली उतरला.

किसनकाकांचं घर पिठाच्या गिरणीसमोर आहे. अंगणात माणसं खोळंबली होती. गजराकाकू उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी आप्पांना किल्टमध्ये पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. आप्पांनी पिशवी काखेत घेतली, नळी तोंडात धरली आणि फुंकलं. आधीचा तो लांब घोगरा आवाज निघाला, मग सूर लागले, आणि तिसऱ्या सुरावर आप्पांना हुंदका आला. पिशवीतून एक केविलवाणा आवाज येऊन सगळं बंद पडलं.

त्यांनी दुसऱ्यांदा सुरुवात केली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तर सूर लागलाच नाही. ते भिंतीला हात लावून उभे राहिले. सत्तर वर्षांचा माझा बाप चारचौघांत लहान मुलासारखा उभा होता आणि मला त्यांच्याजवळ जाता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

“ते का थांबले?” फर्गसने मला विचारलं. त्याच्या वाऱ्याने तिरडीवरची फुलं उडत होती आणि गजराकाकूंचा मुलगा ती वेचून परत ठेवत होता.

मी त्याला रिवाज सांगितला. तो ऐकत राहिला. मग त्याने अंगणात नजर फिरवली. किल्टमध्ये दोघेच होते, एक आप्पा आणि दुसरा तो.

“मला परवानगी नाही,” तो म्हणाला. “शोकप्रसंगी मला फक्त क्षितिजाकडे पाहता येतं.”

“हितं कुठलं क्षितिज?” आप्पा म्हणाले. “समोर गिरणी हाय.”

फर्गसने गिरणीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पट्टा बंद होता आणि दारात कोणाचा तरी ज्वारीचा डबा होता.

“चौदाव्या भागात माझा भाऊ गेला,” तो म्हणाला. “इयन नाव होतं. मी वाकलो होतो त्याच्यावर. तेवढ्यात मला तलवार उचलायला सांगितलं. मग दाढीच्या ब्लेडची जाहिरात लागली. पंधराव्या भागात त्याचं नावच नव्हतं.”

“थोरला का धाकटा?”

“धाकटा.”

आप्पांनी पिशवी खाली ठेवली. “बस की रं बाबा.”

“मला बसता येत नाही. कोणी शिकवलं नाही.”

मग आप्पांनी त्याला शिकवलं. आधी त्याचा पट्टा सैल केला आणि किल्ट कमरेवर अर्धा फिरवून निऱ्या पुढे आणल्या. “ह्या अशा मुठीत धरायच्या. आता गुडघं जुळव. खाली बघू नगंस, पायरी हाय तिथंच.” सरदार फर्गस किसनकाकांच्या पायरीवर बसला. तलवार आडवी येत होती, ती आप्पांनी काढून गिरणीवाल्याकडे दिली.

“आता निऱ्या तोंडाला लाव,” आप्पा म्हणाले. “पुढं त्येच्यासाठीच असत्यात.”

हे मलाही माहीत नव्हतं. एकेचाळीस वर्षं मी तो किल्ट वाळत घातलेला पाहिला होता.

फर्गसने निऱ्यांत तोंड खुपसलं. त्याचे खांदे आधी हलले आणि आवाज थोड्या वेळाने पोचला. तो आवाज तलवारबाजीतला नव्हता. ऐकून गजराकाकू उठल्या आणि पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवून परत उंबऱ्यात बसल्या. वारा पडला. तिरडीवरची फुलं जागच्या जागी राहिली.

आप्पांनी फुंकलं आणि सबंध वाजवलं, एकदाही न अडखळता. मग ते पायरीवर बसले आणि पोटभर रडले. अदलाबदलीत वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून तेवढा वेळ सगळे गप्प उभे राहिले. त्यानंतर तिरडी उचलली.

पुढच्या रविवारी पट्टी आली: ‘लोखंडे प्रकरणी तिन्ही हरकती निकाली. किल्ट मूळ मालकाकडे ठेवण्यात यावा.’ मी ती वहीत उतरवली. किल्ट परत आलाच होता, खिळ्याने पडलेलं भोकही मी रफू केलं होतं. टेकडीवरची पोरं अजून उभी राहतात, पण त्यांच्या आया म्हणतात की आता हाक ऐकू येते.

त्या दिवशी आप्पांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “शालन, किसनचं झालं. माझ्या दारात कोण वाजवणार गं?”

 मी टीव्हीचा आवाज वाढवला.

कडा तोच होता. शत्रू दूरवर जमले होते आणि त्यांचा वारा त्यांच्यापाशी होता. फर्गस एका दगडावर गुडघे जुळवून बसला होता. त्याच्या निऱ्या पुढे होत्या. काखेत पिशवी होती आणि तो फुंकत होता. फार वाईट वाजत होतं. कुत्रं शेपटीवर पाय पडल्यावर ओरडतं तसं. पण सूर ओळखीचे होते, किसनकाकांच्या दारातलेच. सेनापती दोनदा येऊन लढाईचं विचारून गेला. फर्गसने त्याला हाताने थांबायला सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आप्पा खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले. दोन बोटं मांडीवर ठेका धरायला लागली.

“दम चुकतोय त्येचा,” ते म्हणाले. “तिसऱ्या सुरावर.”

“शिकेल,” मी म्हणाले.

“शिकंल. मला तरी कुठं घाई हाय?” मग त्यांनी विचारलं, “आणि रडायला?”

बाई बँडमध्ये कधी नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी आत जाऊन ट्रंकेतून किसनकाकांचा किल्ट आणला. गजराकाकूंनी तो तेराव्याची वाट न बघताच माझ्याकडे पाठवला होता. मी तो साडीवरूनच नेसून आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिला आणि म्हणाले की कमरेत जरा सैल आहे, दोन टाके घालून घे.