लांबचं आता होणार नाही

चष्मेवाल्यांनी तो मेसेज गुरुवारी दुपारी सव्वातीनला लिहिला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि नाकावर चष्मा नव्हता. गावातल्या निम्म्या नाकांवर त्यांच्या हातचे चष्मे बसले होते, पण आपल्याला चाळिशी लागली हे त्यांना स्वतःला मान्य नव्हतं. फोन हातभर लांब धरला की सगळं दिसतं आणि हात अजून पुरतोय, असं त्यांचं म्हणणं.

मेसेज असा होता : "खूप विचार केला. लांबचं आता माझ्याच्याने होणार नाही. जवळच पळू. घरी अजून काही बोललो नाही, तुम्हीही बोलू नका. रविवारी सकाळी भेटू."

हा मेसेज जायचा होता शिट्टीबाईंना. शाळेत पस्तीस वर्षं पोरांना पळवून बाई निवृत्त झाल्या होत्या. गळ्यातली शिट्टी तेवढी नोकरीत होती. गेले चार महिने त्या चष्मेवाल्यांना येत्या रविवारच्या बेचाळीस किलोमीटरच्या मॅरेथॉनसाठी तयार करत होत्या. अठराव्या किलोमीटरला चष्मेवाल्यांचा गुडघा बोलू लागला, तेविसाव्याला शिव्या देऊ लागला, आणि सोमवारी तर त्याने सरळ असहकारच पुकारला. तेव्हा बाईच म्हणाल्या, "सोडा हो. त्याच दिवशी पाच किलोमीटरचीही शर्यत आहे. तिच्यात नाव घाला. अब्रू थोडी जाईल, पण गुडघा राहील." विचार करून कळवतो, असं सांगून चष्मेवाले लंगडत घरी आले होते.

विचार गुडघ्याचा नव्हताच, बायकोचा होता. बायको मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका. चार महिने पहाटे साडेचारला उठून तिने नवऱ्याला ओट्स शिजवून घातले होते आणि वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत प्रत्येकाला ऐकवलं होतं, "आमचे हे बेचाळीस पळणार!" बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल सांगण्यासारखं तिच्या हाती पहिल्यांदाच काहीतरी लागलं होतं. ते तिच्या हातून काढून घ्यायचं म्हणजे वाघिणीच्या तोंडचा घास काढण्यासारखं. आणि वाघीण इंजेक्शन देण्यात तरबेज.

तर फोनमध्ये शिट्टीबाईंच्या नावाच्या बरोबर वर 'आपली माणसं' नावाचा ग्रुप होता. सासरची सतरा माणसं. मेसेज तिथे गेला.

पहिलं उत्तर मावससासूबाईंचं आलं. "जवळ पळून काय उपयोग? लगेच सापडतील."

मग मेहुण्याचं. "दाजी, कोणाबरोबर???"

मग एका चुलतसासऱ्यांचं. "लांबची म्हणजे नात्यातली का? आणि जवळची कोण?"

"ताईला माहीत आहे का हे?" कुणीतरी विचारलं.

"अरे, ताई ग्रुपमध्येच आहे," दुसऱ्या कुणीतरी कळवलं.

चष्मेवाल्यांनी दुकानातला पहिला हाताला लागला तो चष्मा नाकावर चढवला आणि सगळं एकदम स्पष्ट दिसलं. घाम फुटला. घाईघाईने त्यांनी मेसेज पुसून टाकला. हा दुसरा गाढवपणा. मेसेज पुसल्याची पाटी ग्रुपवर झळकली आणि तोवर दुपारची झोप घेत असलेली उरलेली नऊ माणसंही जागी झाली. पुसलं म्हणजे पाणी मुरतंय, यावर एकमत झालं.

फोन वाजला. सासूबाई.

"जावईबापू, काय चाललंय तुमचं?"

खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य सासूबाईंकडून बायकोकडे जायला अर्धं मिनिट लागलं असतं. चष्मेवाल्यांनी धंद्याचा आधार घेतला.

"आई, तो गिऱ्हाइकाचा मेसेज होता. चष्म्याचा. लांबचा नंबर होत नाहीये, जवळचा पाहू, असं."

"पाहू? तिथे 'पळू' होतं."

"टाइप करताना पाहूचं पळू झालं."

"आणि घरी बोललो नाही, ते?"

"त्यांना चष्मा लागलाय हे घरी कळू द्यायचं नाहीये. लाजतात."

सासूबाईंनी उभ्या आयुष्यात तीन जावई आणि एक नवरा ऐकून घेतले होते.

"बरं," त्या म्हणाल्या. "माझाही नंबर वाढलाय. येतेच तपासायला."

पाच वाजता त्या आल्या, सोबत मेहुणा. मेहुण्याने बाह्या वर सारल्या होत्या. पण दाजींना धरायचं की मारायचं हे न ठरल्यामुळे तो काउंटरवरच्या फ्रेमा लावून बघत उभा राहिला. सासूबाईंना खुर्चीत बसवून चष्मेवाले समोरच्या पाटीवरची अक्षरं विचारत होते. सासूबाई अक्षरांऐवजी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. तेवढ्यात दार ढकलून शिट्टीबाई आत शिरल्या. अंगात निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी.

"काय ओ चष्मेवाले! सोमवारपासून वाट बघतेय तुमच्या निरोपाची. पळायचं ना रविवारी?"

मेहुण्याच्या हातातली फ्रेम खाली पडली.

सासूबाईंनी बाईंना पायांपासून शिट्टीपर्यंत आणि शिट्टीपासून पांढऱ्या केसांपर्यंत न्याहाळलं. "या?" त्यांनी जावयाला विचारलं. रागापेक्षा आश्चर्यच जास्त होतं.

"आई, तुम्ही समजता तसं काही—"

"लांब न्यायचा विचार मी केव्हाच सोडलाय," बाई मोकळेपणाने म्हणाल्या. "यांच्यात तेवढा दमच नाही."

"ते आम्हाला बावीस वर्षांपासून माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला कसं कळलं?"

"रोज पहाटे पाचला माझ्याबरोबर असतात की!"

"दाजी," मेहुणा खोल आवाजात म्हणाला, "वयाचा तरी विचार करायचा."

"कोणाच्या?" बाईंनी शिट्टीला हात घातला.

पुढे काय झालं असतं सांगता येत नाही, पण दारात बायको उभी होती. ड्यूटी संपवून, गणवेशातच. ती शांतपणे आत आली, पर्स काउंटरवर ठेवली आणि म्हणाली,

"अहो, दुपारपासून तेरा फोन आले मला. मी सगळ्यांना सांगितलं, यांना बस स्टॉपपर्यंत पळवत नाही, हे कुठले पळून जातायत? आता खरं काय ते सांगा."

एवढा विश्वास बघून चष्मेवाल्यांना गहिवरून आलं आणि त्या भरात ते खरं बोलून बसले.

"बेचाळीस नाही जमणार गं. मी पाच किलोमीटरला नाव देतोय."

"किती?"

"पाच."

मेहुण्याने बाह्या खाली केल्या. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "त्यापेक्षा पळून गेला असतात, तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं."

"पाच!" बायकोचा आवाज चढला. "अहो, वॉर्डात एका फेरीला मी तेवढं चालते. ट्रे घेऊन! तिकडे सर्जनसाहेब रोज विचारतात, सिस्टर, तुमच्या बेचाळीसचं काय? त्यांना काय सांगू, सदतीस गळाले?"

"गुडघा..." चष्मेवाले पुटपुटले.

"गुडघा मला विचारून दुखायला लागला होता का? आणि वर माझ्यापासून लपवलात!"

शिट्टीबाई भिंतीवरची अक्षरं वाचू लागल्या. बायकोने मिनिटभर विचार केला, फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं : "हे खरंच पळून जाणार होते. मी समजूत घातली आहे. मनावर परिणाम झाल्यामुळे मॅरेथॉन रद्द. कृपया कोणी विषय काढू नये."

"अगं, पण हे खोटं आहे!"

"असू दे. जाता जाता राहिलेला नवरा चालतो मला. पाच किलोमीटरवाला नको."

शुक्रवारी सकाळी ही बातमी इस्पितळात पोचली आणि दुपारपर्यंत दुकानात. चष्मेवाल्यांचा भाव अचानक वधारला. आजवर त्यांना नुसती मान डोलवून जाणारी माणसं थांबून त्यांच्याकडे बघू लागली. पेपर टाकणाऱ्याने डोळा मारला. शेजारचा शिंपी तर आत येऊन, दार लावून, "कसं सुचतं हो तुम्हाला?" असं हळूच विचारून गेला. चष्मेवाल्यांनी काही नाकारलं नाही. आयुष्यात प्रथमच माणूस म्हणून त्यांची दखल घेतली जात होती, आणि तीसुद्धा गुडघा न हलवता.

शिट्टीबाईंनी नाव घातलंच होतं, म्हणून रविवारी ते पाच किलोमीटर पळाले. घरच्यांच्या हुकमानुसार मेहुणा शेजारून पळत होता, नजर ठेवायला. तिसऱ्या किलोमीटरला मेहुणाच बसला आणि चष्मेवाले एकटेच पुढे गेले. एकोणपन्नास मिनिटांनी तोंडाला फेस, शर्ट चिंब, एक पाय ओढत ते शेवटच्या रेषेपलीकडे आले आणि समोरच्या प्रथमोपचाराच्या तंबूत जाऊन आडवे झाले. तंबूवर ड्यूटी बायकोची होती. सोबत तिच्या वॉर्डातल्या चार नर्सा आणि सर्जनसाहेब.

एका नर्सने वाकून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! सिस्टर, हे तुमचे मिस्टर ना? हे तर पळाले होते ना?"

चष्मेवाल्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण श्वास जागेवर नव्हता. ते नुसते बायकोकडे बघत राहिले.

बायकोने खाली बसून त्यांचा सुजलेला गुडघा मांडीवर घेतला, त्यावर बर्फाची पिशवी दाबली आणि वर न बघताच म्हणाली,

"पळाले होते तर. पाच किलोमीटरवर सापडले."